कापसाच्या खोलीतलं रेकॉर्डिंग : एका खंजिरी भजन मंडळाची संगणक-खरेदी

डिसेंबर २०२४. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी माझं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे, लग्नाच्या कॅसेटी निघायच्या तेव्हापासूनचं. एका दुपारी जवळच्या खेड्यातले भजनी बुवा आले, सोबत पुतण्या. बुवांनी बंडीच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून काउंटरवर पसरला. शहरातल्या एका दुकानाचं कोटेशन होतं. आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, सोळा जीबी रॅम, रंगीत दिवे लागणारं काचेचं कॅबिनेट, चोवीस इंची मॉनिटर. बेरीज ६८,५०० रुपये. मंडळाकडे होते सत्तर हजार. म्हणजे माईकसाठी दीड हजार उरत होते.

"भाऊ, एवढं सारं घेतलं त माहा आवाज चांगला येईन ना?"

"बुवा, या कागदावरचं एकही सामान तुमचा आवाज ऐकत नाही," मी म्हटलं. पुतण्याचं तोंड उतरलं. कॅबिनेटचे दिवे त्याला फार आवडले होते.

त्यांच्यानंतर आणखी तिघं असेच कागद घेऊन माझ्याकडे येऊन गेले, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतो. यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगतो.

मंडळ आठ जणांचं. तीन वर्षांच्या भजन स्पर्धांची बक्षिसं आणि थोडी वर्गणी, असे पैसे जमले होते. बुवांनी स्वतः बांधलेली नऊ भजनं नीट रेकॉर्ड करायची, पेनड्राइव्हवर भरायची, यूट्यूबवर टाकायची, एवढाच बेत. आधी एकदा ते एका स्टुडिओत जाऊन आले होते. तासाचा दर ठरलेला, त्यामुळे बुवांचा डोळा घड्याळावर आणि गळा आवळलेला. वर तिथं खंजिरी अशी दाबून टाकली की बुवांच्या शब्दांत, "टिनावर कोणी बोटं मारून रायलं असं वाटते." तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरी वऱ्हाडात घरोघरी नेली. आमच्याकडच्या भजनात ती साथीला नसते, पुढे असते. ती दबली की भजन दबलं.

आधी गावात जाऊन बसलो

कोटेशनवर पुढे काही बोलण्याआधी मी गुरुवारी रात्री त्यांच्या भजनाला गेलो. कोपऱ्यात बसून मोजत होतो: एका वेळी आवाज किती? बुवांचा गळा आणि पेटी (दोन्ही बुवाच), खंजिरी, ढोलक, टाळ आणि मागं चार गळे. खंजिरी वाजवतो तो पुतण्या, आणि संगणक चालवणारही तोच. म्हणजे रेकॉर्डचं बटण दाबून तो पळत येऊन खंजिरी घेऊन बसणार. हे लहानसं वाटतं, पण सॉफ्टवेअर निवडताना उपयोगी पडलं.

मग म्हटलं, रेकॉर्डिंग करणार कुठं ते दाखवा. बुवांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि आत तीन बाजूंनी छातीएवढा कापूस. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि बुवा त्याच्या वरच्या भावाची वाट बघत होते. "येथीसा जागा नाही, ओसरीत करू," ते म्हणाले. मी मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून टाळी वाजवली. टाळीचा आवाज जिथल्या तिथं संपला. मागं शेपूट नाही, घुमणं नाही. ओसरीत जाऊन तशीच टाळी वाजवली, तर पत्र्याखाली ती टण्ण करून दोनदा परत आली.

शहरात लोक भिंतीला एक इंची फोम चिकटवतात. त्यानं वरचे तीक्ष्ण स्वर मरतात, खालचा घुमारा तसाच राहतो. कारण साधं आहे. शंभर हर्ट्झच्या ढोलकी आवाजाची एक लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते. ती इंचभर स्पंजला काय जुमानणार? तिला अडवायला हातभर, दोन हात जाडीचं सच्छिद्र काहीतरी लागतं. इथं चार फूट जाडीचा कापूस फुकट उभा होता. मी बुवांना सांगितलं, भजन इथंच होणार. एक त्रास मात्र होता: तासभर बसलं की मानेला आणि कोपराला खाज सुटते. पुढे सगळ्यांनी पूर्ण बाह्यांचे सदरे घातले आणि अंगाखाली सतरंजी टाकली.

विजेचं काय? संध्याकाळी व्होल्टेज खाली जातं, बल्ब पिवळा पडतो, दिवसातून दोन-चारदा लाईन जाते आणि येते. थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात बोट घालण्याइतका विश्वास आला, कारण त्याच्या मागं वायरच नव्हती. (बोट घातलं नाही. टेस्टर आणि मल्टिमीटर घेऊन गेलो होतो.)

कोटेशनवर मारलेल्या काटा

पहिली काट ग्राफिक्स कार्डावर. ते खेळांसाठी, व्हिडिओसाठी. आवाजाच्या कामात ते बसून राहतं आणि त्याचा पंखा मात्र फिरतो.

दुसरी काट पूर्ण डेस्कटॉपवरच. स्टुडिओत संगणक काचेपलीकडच्या खोलीत असतो. इथं माईक आणि मशीन यांच्यात चार हात अंतर. तीन-चार पंख्यांचा डबा सतत घुंघुं करणार, आणि बुवा आलाप हळू घेतात तेव्हा नेमका तोच ऐकू येणार. शिवाय लाईन गेली की डेस्कटॉप जागीच बंद. त्यासाठी यूपीएस घ्या, तर त्या यूपीएसची वेगळी कुरकुर. लॅपटॉपच्या पोटात यूपीएस असतोच, त्याला बॅटरी म्हणतात.

मग ताकद किती लागते? इथंच लोक फसतात. रॅम आणि प्रोसेसर खातात ती संगणकातली वाद्यं: सतार, व्हायोलिनचा ताफा, ड्रमचे संच, ज्यांचे नमुने गिगाबाइटनं मेमरीत चढतात. या मंडळाला संगणकात एकही वाद्य नको होतं, सगळी वाद्यं मांडीवर होती. नुसता आवाज साठवायचा तर हिशेब असा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट (आवाज किती बारकाईनं टिपायचा त्याची मापं), एक माईक, म्हणजे मिनिटाला ८.६४ एमबी. सात मिनिटांचं भजन, दहा ट्रॅक (एकेका वाद्याचा किंवा गळ्याचा वेगळा थर), म्हणजे सुमारे ६०० एमबी. नऊ भजनं, प्रत्येकाचे चार टेक (तेच भजन चारदा रेकॉर्ड केलेलं) धरले तरी २२ जीबीच्या आत. एवढं काम चार कोरचा जुना प्रोसेसर आणि साधी एसएसडी आरामात करते. जुनी फिरणारी हार्डडिस्क मात्र नको; ती आवाज करते आणि उन्हाळ्यात तापते.

तेव्हा बाजारात ऑफिसांतून निघालेल्या लॅपटॉपचा पूर आला होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपणार होता आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढंच चालतं. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं दुकानदार बारा-तेरा हजारांत गळ्यात घालत होते. पुतण्या त्यातलं एक बघूनही आला होता. मी आठव्या पिढीवर अडून बसलो.

मॅकचाही विचार केला, आणि प्रामाणिकपणे केला. एम-वन चिपचं मॅकबुक एअर २०२० च्या शेवटी आलं, त्याला पंखाच नाही. आमच्यासारख्या एकखोली कामाला याहून शांत मशीन नाही, आणि गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर त्याच्यासोबत फुकट मिळतं. बुवा एकटे तंबोऱ्यावर गात असते तर मी तेच घ्यायला लावलं असतं. पण जुनं घेतलं तरी अर्ध्याहून जास्त पैसे तिथंच संपत होते, त्याची मेमरी आणि साठवण मूळ बोर्डालाच जडलेली, आणि बिघडलं तर नागपूर किंवा अमरावती.

शेवटी थिंकपॅड टी-४८० हा लॅपटॉप ठरला. दोन कारणं. एक, रॅमचे दोन खाचे आणि एसएसडी तळाचे स्क्रू काढले की हातात. हे काम मी दुकानात करू शकतो. दुसरं कारण जास्त मोलाचं: त्याला दोन बॅटऱ्या आहेत, एक पोटात आणि एक मागून निघणारी. मागची काढून दुसरी लावेपर्यंत पोटातली चालू असते, मशीन बंद करावं लागत नाही. लाईनचा भरवसा नसलेल्या गावात हे ग्राफिक्स कार्डाहून कितीतरी उपयोगाचं.

जुना लॅपटॉप घ्यायला पुतण्यासोबत मीच गेलो. कव्हर किती चकचकीत आहे ते कोणीही बघतो. आम्ही कमांडच्या काळ्या खिडकीत बॅटरीचा अहवाल काढला. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसते. पहिल्या मशीनची बॅटरी निम्म्यावर आलेली निघाली, ते बाजूला ठेवलं. दुसऱ्यावर पेनड्राइव्हवरून लेटन्सीमॉन हा प्रोग्राम चालवून पंधरा मिनिटं चहा प्यायलो. विंडोजच्या आतला एखादा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून धरतो का, हे तो दाखवतो; अडवलं की रेकॉर्डिंगमध्ये कट्ट-कट्ट येतं. वायफाय चालू असताना पट्टी लाल, बंद केलं की हिरवी. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद हा नियम तिथंच ठरला.

सॉफ्टवेअर

पुतण्याकडे एका ओळखीच्यानं दिलेला पेनड्राइव्ह होता. त्यात एका मोठ्या सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ केलेली प्रत, प्लगिनसकट (त्याला जोडायचे छोटे प्रोग्राम) साठ जीबी. मी तो माझ्या भंगार मशीनला लावला तर अँटिव्हायरसनं तीन ठिकाणी बोंब मारली. चोरीचा प्रश्न आहेच. त्याहून रोजचा प्रश्न असा, की अशी प्रत मध्येच कधी रुसेल सांगता येत नाही, आणि रुसली की विचारायला कोणी नाही.

ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, २००० सालापासून आहे, आणि एका माईकच्या कामाला मी आजही तीच सांगतो: कीर्तनाचं रेकॉर्डिंग, मुलाखत, कापाकापी. पण दहा ट्रॅकचं भजन, त्यात चार-चार टेक, त्यातून ओळ इकडची आणि अंतरा तिकडचा घ्यायचा, हे तिथं हातघाईचं होतं. विंडोजऐवजी लिनक्स घेतलं तर त्यावर आर्डर नावाचं सॉफ्टवेअर चांगलं आहे. पण रात्री नऊ वाजता गावात अडलं तर पुतण्याला विंडोज कळतं, मला विंडोज कळतं. लिनक्स कळणारा माणूस पंचवीस किलोमीटरमध्ये मला माहीत नाही.

रीपर घेतलं. विनॅम्प (संगणकावर गाणी वाजवायचा जुना प्रोग्राम) ज्यानं बनवलं त्याच जस्टिन फ्रँकेलच्या कॉकोस कंपनीचं हे सॉफ्टवेअर. इन्स्टॉलर वीस एमबीच्याही आत. माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चहा येईपर्यंत उतरलं. साठ दिवस सगळं उघडं वापरून बघता येतं. नंतर व्यक्तीसाठी आणि छोट्या कमाईच्या धंद्यासाठी परवाना साठ डॉलरचा, तेव्हाच्या दरानं पाच हजार दोनशेच्या आत. परवाना म्हणजे एक लहानशी फाइल, एकदा दिली की झालं. दर महिन्याला इंटरनेटवर हजेरी लावायची नाही. जिथं पावसाळ्यात टॉवरच तीन दिवस बंद असतो, तिथं माझ्या मते हा गुण चवीच्या सगळ्या प्लगिनांवर भारी. साठ दिवस उलटले तरी ते बंद पडत नाही, फक्त उघडताना पैसे भरा म्हणतं. म्हणून बरेच लोक भरतच नाहीत. बुवांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "देवाचं काम, अन् उधारीवर? भरून टाक."

पडद्यावरचं सगळं इंग्रजी, बुवांना ते नको वाटायचं. पुतण्यानं ट्रॅकना रंग दिले: खंजिरी लाल, पेटी पिवळी, बुवा भगवे, मागचे गळे निळे. आता बुवा खुर्चीतून सांगतात, "तो लाल जरा खाली घे."

माझी चूक

मी दोन माईकचा इंटरफेस घ्यायला लावला. इंटरफेस म्हणजे माईकमधून येणारा बारीकसा विद्युत सिग्नल वाढवून आकड्यांत बदलणारी डबी. आवाजाचा खरा दर्जा इथं आणि माईकमध्ये ठरतो, संगणकात नाही. त्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे ना, एवढं बघायचं, म्हणजे आवाज विंडोजच्या वळणावळणाच्या वाटेनं न जाता थेट जातो. हे सगळं मी बरोबर बघितलं. माझा हिशेब असा होता: एका वेळी एकच जण वाजवेल, ट्रॅकवर ट्रॅक चढवत जाऊ, दोन माईक पुरेत. सिनेमाची गाणी अशीच होतात. पैसेही वाचतात.

जानेवारीतल्या पहिल्या रात्री बुवा हेडफोन लावून कापसाच्या मधोमध बसले. कानात मेट्रोनोमची टिकटिक, केरव्याच्या लयीवर लावलेली. पहिली ओळ ठीक. दुसऱ्या ओळीला त्यांनी डोळे मिटले आणि लय त्यांच्या सवयीनं अंगुळभर पुढे सरकली. टिकटिक मागं राहिली. थांबले. पुन्हा. पुन्हा थांबले. सहाव्या वेळी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हे कानात हाय तोवर मले देव दिसत नाही, घड्याळच दिसते."

स्टुडिओतलं घड्याळ मी त्यांच्या कानात आणून बसवलं होतं.

खंजिरी भजन सुरुवातीला संथ असतं, शेवटच्या कडव्यापर्यंत दुप्पट होतं. ही वाढ कोणी मोजून करत नाही. पुतण्या बुवांच्या खांद्याकडे बघतो, ढोलकवाले काका पुतण्याच्या मनगटाकडे, आणि लय तिघांच्या मध्ये कुठंतरी असते. त्यांना वेगवेगळं बसवणं म्हणजे बैलजोडीतला एक बैल आज जुंपायचा आणि दुसरा उद्या. हे मी पहिल्या गुरुवारीच बघितलं होतं. बघून विसरलो, कारण पुस्तकी पद्धत डोक्यात बसली होती.

दोन माईकची डबी मी स्वतःसाठी ठेवून घेतली आणि मंडळाला चार माईकची आणून दिली. बुवांचा गळा, पेटी, खंजिरी, ढोलक: चारही एकदम, समोरासमोर, टिकटिकीशिवाय. टाळ आणि मागचे गळे नंतर चढवायचे. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये थोडा शिरतो, पण कापसानं खोली इतकी कोरडी केलेली की तो त्रास देत नाही. माईक सगळे डायनॅमिक. कंडेन्सर जास्त बारीक ऐकतो, पण सोबत शेजारच्या वावरातली मोटर आणि गोठ्यातली म्हैसही ऐकतो.

पैशाचा मेळ शेवटी असा बसला: लॅपटॉप २४,०००, रॅम, एसएसडी आणि जादा बॅटरी ८,०००, इंटरफेस १६,५००, चार माईक ९,०००, हेडफोन, केबल आणि स्टँड ५,५००, रीपर ५,२००. उरले अठराशे.

हमिंग, अर्थिंग आणि फवारणी पंप

चार माईकच्या डबीनं माझा बॅटरीचा बेत मोडला. यूएसबीच्या साध्या तारेतून पाच व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. दोन माईकच्या डब्या त्यावर भागवतात. चार माईकवाल्याला बहुतेक वेळा वेगळा अडॅप्टर लागतो. आमचीला लागत होता. अडॅप्टर भिंतीत लावला आणि हेडफोनमध्ये गुंगुंगुं सुरू झालं: पन्नास हर्ट्झ आणि त्याचे पट. लॅपटॉपचा चार्जर काढला, कमी झालं. अडॅप्टर काढला, डबीच बंद. कोणी म्हणेल सॉफ्टवेअरनं हमिंग काढा. निघतं, पण जाताना पेटीचा खालचा सूरही सोबत घेऊन जातं.

अर्थिंगचा खड्डा घराच्या मागं काढला. पाईप, मीठ, कोळसा, नेहमीची रीत. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, मग पाईपाची मातीशी पकड सुटते. म्हणून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी. हमिंग पाऊण गेलं. उरलेलं पाव ढोलकवाल्या काकांनी घालवलं. अडॅप्टरवरचं ‘१२ व्होल्ट डीसी’ बघून ते म्हणाले, "हे त आपल्या फवारणीच्या पंपाचंच हाय ना." पाठीवरच्या चार्जिंगच्या पंपात बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासाची बॅटरी असते, आणि फेब्रुवारीत पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडांवर) फवारणी नसते, पंप पडूनच. मी मध्ये व्होल्टेज बारावर धरून ठेवणारा रेग्युलेटर आणि फ्यूज टाकला, अधिक-उणे टोकं दोनदा तपासली, कारण तिथं चुकलं तर साडेसोळा हजारांचा धूर. डबी साधारण एक अँपिअर ओढते. एका चार्जमध्ये रात्र निघते. खोलीत विजेची एकही तार नाही. हेडफोनमध्ये जी शांतता आली, ती ऐकून पुतण्याला वाटलं केबल निघाली.

दोन छोट्या अडचणी

मागचे गळे चढवताना चौघांपैकी एक काका दर ओळीला उशिरा यायचे. गाणारा पक्का माणूस, स्पर्धेतला. बुवा चिडले: "सुरात हाय, तालात हाय, मंग मांगं काहून पडते?" काका रडवेले झाले. तासाभरानं माझ्या लक्षात आलं, हेडफोन तीनच होते म्हणून काकांनी नातवाचे ब्लूटूथचे बोंडूक कानात घातले होते. ब्लूटूथवर आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला एकशेवीस ठोक्यांच्या लयीत एक ठोका पाचशे मिलिसेकंदांचा, म्हणजे काका सुमारे एक तृतीयांश ठोका मागचं भजन ऐकत होते, आणि त्याच्याशी अगदी तालात गात होते. रीपरमध्ये बफर (आवाज एका वेळी जेवढ्या तुकड्यानं पुढं जातो तो तुकडा) २५६ नमुन्यांचा असेल तर ४८ किलोहर्ट्झला तो उशीर एका दिशेला सव्वापाच मिलिसेकंद, जाऊन-येऊन दहा-अकरा. तेवढा वेळ आवाजाला साडेतीन मीटर चालायला लागतो. खंजिरीवाला खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात बसला असता तर तितकंच झालं असतं, त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. वायरचा चौथा हेडफोन घेतला. काकांना बुवांनी स्वतःहून पान दिलं.

दुसरी अडचण खंजिरीची पातळी. तपासायला वाजवताना पुतण्या हळू वाजवायचा. शेवटच्या कडव्याला अंगात आलं की झांजा थेट शून्याला, म्हणजे पातळीच्या वरच्या हद्दीला जाऊन फुटायच्या. एकदा फुटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरनं सरळ होत नाही. आता तपासणी शेवटच्या कडव्याची करतो आणि सुई उणे बारा डेसिबलवर ठेवतो. २४ बिटमध्ये एवढी कमी पातळी ठेवली तरी खरखर येत नाही. माईक समोरून हटवून बाजूला, फूटभर अंतरावर लावला, तेव्हा चामड्याचा थाप आणि झांजेची किणकिण वेगवेगळी ऐकू आली. बुवा ऐकून काही बोलले नाहीत, पुन्हा लाव म्हणाले.

पेटी प्रमाण सुराच्या ४४० ऐवजी ४४५ हर्ट्झच्या जवळ निघाली, जुन्या पेट्या असतात तशी. एका भजनात पुतण्याला कीबोर्डची बासरी हवी होती. मी पेटीला हात लावू दिला नाही; कीबोर्डच ४४५ वर चढवला.

कापूस गेला

मार्च संपेपर्यंत सात भजनं झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बुवांना घरखर्चाला पैसे लागले, आणि कापूस गाडीत भरून गेला. उरलेली दोन भजनं करायला आम्ही त्याच खोलीत, तेच माईक, तीच जागा खडूनं आखलेली, असे बसलो. सुरुवात केल्यावर पाचव्या मिनिटाला पुतण्यानं हात वर केला. ढोलक ‘बोंऽ’ करत होतं. मी टाळी वाजवली. खोली आता इतर कोणत्याही खोलीसारखी होती.

गोधड्या टांगल्या, गाद्या उभ्या केल्या, रिकामी पोती लावली. झांजा नरम झाल्या. ढोलकाचा घुमारा हलला नाही. त्यात चव्वेचाळीस डिग्री. लॅपटॉपचा पंखा, जो फेब्रुवारीत ऐकूही यायचा नाही, तो सतत वर. कूलर लावला तर रेकॉर्डिंग नाही, बंद केला तर माणसं नाहीत. पहाटे चारला बसून बघितलं, तेव्हा थंड होतं, पण कोकिळा.

रीपरमध्ये खालचे स्वर कापून मी ती दोन भजनं आधीच्या सातांच्या जवळ आणली. अनोळखी माणसाला कळलं नसतं. बुवांनी दोन्ही ऐकली, आणि म्हणाले की हे दुसऱ्याच गावचं मंडळ वाटते. पुसून टाक म्हणाले. पुतण्यानं पुसली नाहीत, बाजूला ठेवली.

सात भजनं जूनमध्ये यूट्यूबवर गेली. उरलेल्या दोनांसाठी मी सुचवलं की बाजारातून चांगली जाड रॉकवुल (दगडी लोकर) आणून पट्ट्या बांधू, चार-पाच हजारांत होईल. बुवांनी ओसरीतून वावराकडे बघितलं. पऱ्हाटी तेव्हा गुडघ्याएवढी होती.

"काहून? दिवाळीनंतर खोली भरतेच. भाव चढला त कापूस जाईन, नाही चढला त भजन होईन."

लॅपटॉप सध्या धान्याच्या कोठीजवळच्या लोखंडी पेटीत आहे, सोबत सिलिका जेलच्या पुड्या; सातही भजनांच्या मूळ फाइलींची एक प्रत माझ्या दुकानातल्या डिस्कवर. त्या दोन भजनांच्या फोल्डरला पुतण्यानं आमच्याकडच्या पहिल्या कापूस-वेचणीच्या पूजेवरून नाव दिलंय, ‘सीतादहीनंतर’.